न्याहारीची तजवीज

मराठीत पाकशास्त्रावरील छापील ग्रंथांची परंपरा सुमारे दीडशे वर्षांची आहे. १८७५ साली रामचंद्र सखाराम गुप्ते यांचे ‘सूपशास्त्र’ प्रसिद्ध झाले. १९१० साली लक्ष्मीबाई धुरंधर यांनी ‘गृहिणीमित्र अथवा एक हजार पाकक्रिया’ हा ग्रंथ सिद्ध करून पाठारे प्रभू ज्ञातीच्या संपन्न स्वयंपाकघराचे दार सर्व मराठी वाचकांस मोकळे केले. आणि १९७० साली निघालेल्या कमलाबाई ओगले यांच्या ‘रुचिरा’ने वाटी व चमचा ही मापे इतकी रूढ केली की नव्याने संसार मांडणाऱ्या कित्येक मुलींच्या सामानात ते पुस्तक आवर्जून जाऊ लागले. या ग्रंथांचे ऋण मान्य करून एक गोष्ट नमूद करणे अगत्याचे वाटते. त्यांची मांडणी पदार्थांच्या वर्गाप्रमाणे केलेली असते. भात, आमट्या, भाज्या, पोळ्या, पक्वान्ने, लोणची असा तिचा क्रम असतो. वाचकाला हवा तो पदार्थ तेथे सापडतो. परंतु तो पदार्थ दिवसाच्या कोणत्या घटकेस, कोणत्या घाईत आणि कोणाची वाट पाहत केला जात असे, याची नोंद त्या अनुक्रमणिकेत होत नाही, आणि ती होण्याचे कारणही नव्हते.

प्रस्तुत पुस्तक अशा एका घटकेविषयी आहे. भांडुपच्या पश्चिमेकडील डोंगरउतारावर वसलेल्या कोकणी कुटुंबांची सकाळ, त्या सकाळी पितळीत पडणारी घावणे, आंबोळ्या, शिरवाळे आणि खापरोळ्या, त्यांच्या जोडीला वाटीत येणारे काळ्या वाटाण्याचे सांबारे अथवा गूळ घातलेला नारळाचा रस, आणि हे सारे ज्यांनी बालपणी खाल्ले त्यांच्या आठवणी, असा या संग्रहाचा ऐवज आहे. मी स्वतः त्याच वस्तीत वाढलो असल्याने प्रस्तावना लिहिण्याची आज्ञा मला झाली, आणि ती मी आनंदाने शिरसावंद्य मानली. कारण या विषयावर मनात पुष्कळ वर्षांपासून जे साठले होते ते सांगण्यास याहून योग्य स्थळ मला मिळाले नसते.

भांडुप हे नाव मुंबईच्या इतिहासात लोहमार्गाच्या आरंभाशी जोडलेले आहे. मुंबई सरकारचे मुख्य अभियंते जॉर्ज क्लार्क १८४३ साली भांडुपला आले असता मुंबईपासून ठाणे, कल्याण आणि पुढे घाटापर्यंत लोहमार्ग नेण्याची कल्पना त्यांना प्रथम सुचली, असे रेल्वेच्या इतिहासात नमूद आहे; आणि १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्यास जी पहिली गाडी गेली ती याच गावाच्या शिवारातून गेली. त्यानंतरही बराच काळ भांडुप हे खाडी आणि डोंगर यांच्या मधले गावच राहिले. पूर्वेला मिठागरे, पश्चिमेला विहार तलावाच्या बाजूचे रान, आणि या दोहोंमधून उत्तरेकडे जाणारा आग्रा रोड, ज्यास आज लाल बहादूर शास्त्री मार्ग म्हणतात. १९५० साली मुंबईची हद्द भांडुपपर्यंत वाढविण्यात आली, आणि पुढील दोन दशकांत या रस्त्याच्या दुतर्फा टायरचे, रंगाचे, लोखंडी सामानाचे आणि यंत्रांच्या सुट्या भागांचे कारखाने उभे राहिले. कारखान्यांपाठोपाठ कामगार आले, आणि त्यांतील पुष्कळसे तत्कालीन रत्नागिरी जिल्ह्यातून आले. १ मे १९८१ रोजी त्या जिल्ह्याचा दक्षिण भाग सिंधुदुर्ग या नावाने वेगळा झाला. त्यामुळे आज जे स्वतःस सिंधुदुर्गचे म्हणवितात त्यांच्या वडिलांच्या कारखान्यातील नोंदवहीत मूळ जिल्हा म्हणून रत्नागिरीच लिहिलेले आढळावे.

कोकणातून मुंबईस येणाऱ्या चाकरमान्यांचा प्रघात याहून फार जुना आहे. परंतु भांडुपला आलेल्या कुटुंबांत आणि त्यांच्या आधीच्या पिढीत एक महत्त्वाचा भेद होता, आणि तो आपल्या विषयाच्या दृष्टीने निर्णायक आहे. आधीची पिढी गिरणगावात आली ती बहुधा एकटी. बायकामुले गावी, शेतीवर आणि मनीऑर्डरीवर. आणि पुरुष परळ-लालबागच्या एखाद्या गाळ्यात दहा-पंधरा गाववाल्यांसह, वळकट्यांच्या आधाराने. त्यांच्या दोन वेळच्या जेवणाची सोय खानावळवाल्या बाया करीत. या बायांनी किती मोठा कामगारवर्ग पोसला हे लोकांच्या ध्यानी यावयास पुष्कळ काळ जावा लागला. १९७५ साली प्रेमाताई पुरव यांनी ‘अन्नपूर्णा महिला मंडळ’ स्थापन करून त्यांना सावकाराच्या पाशातून सोडविण्याचे काम हाती घेतले, ते कामगार चळवळीच्या इतिहासात सुवर्णाक्षरांनी लिहावे असे आहे. तथापि खानावळीत माणसाला जेवण मिळे. न्याहारी मिळत नसे. सकाळी गिरणीच्या भोंग्याआधी नाक्यावरचा चहा आणि त्यात बुडविलेला पाव अथवा बटर, एवढ्यावर ती पिढी कामावर गेली. न्याहारीला घर लागते, घरात माणसे लागतात, आणि त्या माणसांची सकाळी एकमेकांशी गाठ पडावी लागते. कोकणनगर, टेंभीपाडा, तुळशेतपाडा, प्रतापनगर अशा वस्त्यांतून जेव्हा बायकामुलांसह बिऱ्हाडे थाटली गेली, तेव्हा गावाकडची न्याहारी प्रथमच सहकुटुंब मुंबईत आली.

आली खरी, परंतु रोज येऊ शकली नाही. कारखान्यात तीन पाळ्या चालत, आणि घरातील कर्ता पुरुष एका आठवड्यात सकाळी, दुसऱ्यात दुपारी आणि तिसऱ्यात रात्री कामावर जाई. ज्या घरात बाप आणि थोरला मुलगा दोघेही कामगार, आणि दोघांच्या पाळ्या भिन्न, त्या घरात एकाच्या अंथरुणाची ऊब जाण्याच्या आत दुसरा तेथे आडवा होई. अशा घरात सर्व माणसे एका पंक्तीला बसण्याची हक्काची वेळ आठवड्यातून एकच, आणि ती म्हणजे रविवारची सकाळ. ही रविवारची सुट्टी आपणांस पंचांगातील तिथीसारखी आपोआप प्राप्त झालेली नाही, याचे स्मरण या ठिकाणी ठेवणे मी कर्तव्य समजतो. १८८४ साली नारायण मेघाजी लोखंडे यांनी ‘बॉम्बे मिलहँड्स असोसिएशन’ स्थापन करून गिरणी कामगारांच्या वतीने साप्ताहिक सुट्टीची मागणी केली. सभा, अर्ज आणि ‘दीनबंधु’ पत्रातील लेख यांच्या द्वारे ती सहा वर्षे लावून धरली. आणि अखेर १० जून १८९० रोजी मुंबईच्या गिरणीमालकांनी रविवारच्या सुट्टीची मागणी मान्य केली. पुढे १९४८ च्या कारखाने कायद्यातही आठवड्यातील एक दिवस विश्रांतीचा हे तत्त्व ठेवण्यात आले. भांडुपच्या घराघरांत रविवारी तव्यावर जे घावण पडले, त्याच्यामागे हा एवढा दीर्घ लढा उभा आहे. ज्यांनी तो दिला त्यांना आपल्या नातवंडांच्या पितळीत काय वाढले जाईल हे कधी दिसले नाही. परंतु त्या पितळीतील वाटा त्यांचा आहे.

शनिवारची रातपाळी करून बाबा रविवारी सकाळी सात-साडेसातास घरी येत. ते येईपर्यंत आमच्या घरात कोणी न्याहारी करीत नसे. आजीचा तसा दंडकच होता, आणि आईने तो कधी मोडू दिला नाही. आम्ही मुले डोळे चोळत दारात बसून उताराच्या पायऱ्यांकडे पाहत असू. बाबांच्या हातातील अल्युमिनियमचा रिकामा डबा प्रथम दिसे, मागाहून ते दिसत. त्यांनी हातपाय धुऊन, देवाला नमस्कार करून पाटावर बसावे, आईने तव्यावर पहिले घावण सोडावे, आणि आजीने आतून हाक द्यावी, “उठा रे सगळी, घावणे थंड होतत.” झोपेने जड झालेले बाबांचे डोळे, त्यांच्या हातांना येणारा यंत्राच्या तेलाचा वास, आणि पहिले घावण स्वतः न घेता सर्वांत धाकट्याच्या पितळीत सरकविण्याची त्यांची रीत, हे मला जितके स्पष्ट आठवते तितके शाळेतील कोणतेही पारितोषिक आठवत नाही. दोन घावणे खाऊन ते झोपी जात; मग सबंध घर दुपारपर्यंत हळू आवाजात बोले.

आता या न्याहारीच्या अंतरंगात शिरू. वरवर पाहता घावण हा अगदी साधा पदार्थ आहे. सुरय, म्हणजे न उकडलेले, तांदूळ धुऊन रात्रभर भिजत घालावेत, सकाळी बारीक वाटावेत, मीठ घालून ताकाइतके पातळ करावेत, आणि बिडाचा तवा कडकडीत तापवून, अर्ध्या कांद्याने अथवा नारळाच्या शेंडीने त्यास तेल पुसून, पीठ कडेकडून मध्याकडे फिरवीत सोडावे. इतके केले की झाले, असे सांगणारा मनुष्य मात्र सांगत नाही की तवा किंचित निवलेला असेल तर जाळी पडत नाही; तांदळाचे पीठ तळाशी बसत असल्याने प्रत्येक वेळी ते ढवळून घेतले नाही तर पहिली घावणे पाण्यासारखी आणि शेवटची दगडासारखी होतात; झाकण किती वेळ ठेवावे हे घड्याळावर ठरत नाही, कडा सुटल्या की ठरते; आणि उतरलेले घावण लगेच दुसऱ्यावर रचले तर दोन्ही चिकटून वाया जातात. या साऱ्या गोष्टी हाताला ठाऊक असतात. या संग्रहात त्या शब्दांत उतरविण्याचा जो प्रयत्न झाला आहे, तो याच कारणाने मोलाचा आहे.

आंबोळीचा स्वभाव निराळा. तिला तीन भाग तांदूळ, एक भाग उडीदडाळ आणि थोडी मेथी लागते. कोणी मूठभर पोहे घालतात, कोणी चण्याची डाळ. हे सारे दुपारी भिजवून रात्री वाटायचे आणि सकाळपर्यंत आंबू द्यायचे. धान्यावर मुळातच वसणारे सूक्ष्म जीव ओल्या पिठात वाढतात, त्यांच्यापासून आम्लता व वायू निर्माण होतो, आणि उडदातील चिकट द्रव्य तो वायू पिठात धरून ठेवते. म्हणून तव्यावर आंबोळी जाड, मऊ आणि सच्छिद्र उतरते. मुंबईची दमट, उष्ण हवा या क्रियेस इतकी अनुकूल आहे की उन्हाळ्यात पातेले काठोकाठ भरले तर सकाळी पीठ ओट्यावर आलेले असे. आणि डिसेंबर-जानेवारीच्या काही रात्री, डोंगरावरून गार वारा उतरे तेव्हा, तेच पातेले गोधडीत गुंडाळून ठेवावे लागे. बाराव्या शतकात कल्याणीच्या चालुक्य घराण्यातील राजा तिसरा सोमेश्वर याच्या ‘मानसोल्लास’ या संस्कृत ग्रंथातील अन्नभोगाच्या प्रकरणात वाटलेल्या डाळींच्या ‘धोसक’ नामक पदार्थाचा उल्लेख येतो. राजाच्या मुदपाकखान्यात आणि भांडुपच्या दहा बाय बाराच्या खोलीत वाटलेले धान्य तव्यावर पसरण्याची कल्पना एकाच कुळातली असावी, ही गोष्ट मला फार समाधान देते.

जोडीला जे सांबारे येते त्याची तयारी याहूनही लांबची आहे. काळे वाटाणे आठ-दहा तास भिजल्यावाचून शिजण्याचे नाव घेत नाहीत. कांदा आणि ओले खोबरे खरपूस भाजून, त्यात धणे, बडीशेप, आले, लसूण घालून पाट्यावर वाटण काढायचे. मालवणी मसाला घालायचा. आणि शिजलेल्या वाटाण्यांपैकी मूठभर वाटाणे त्याच वाटणाबरोबर वाटून रश्शात सोडायचे, म्हणजे त्यास निराळे पीठ न लावताही दाटपणा येतो. शेवटी आमसुलाची दोन सोले. मसाला तर मे महिन्यातच सिद्ध झालेला असे. मिरच्या, धणे, बडीशेप, लवंग, मिरी, दालचिनी, दगडफूल, नागकेशर हा ऐवज उन्हात वाळवून, भाजून, कुटून, पावसाळ्यापूर्वी बरण्यांत बंद होई. गावाहून परतणाऱ्या एस.टी.च्या टपावर नारळ, आमसुले आणि सुरय तांदळाचे बोचके येई. ज्या दिवसांत शहरात धान्य शिधापत्रिकेवर मिळत असे, त्या दिवसांत घरचे हे तांदूळ दाणा दाणा मोजून वापरले जात. रेशनचे तांदूळ भातासाठी, आणि गावचे तांदूळ घावणासाठी, असा आजीचा अलिखित हुकूम होता.

एवढे सविस्तर वर्णन करण्याचा हेतू एकच. या न्याहारीतील एकही पदार्थ त्या सकाळी सुरू होत नाही. तांदूळ रात्री भिजतात, वाटाणे रात्री भिजतात, आंबोळीचे पीठ रात्री वाटले जाते, मसाला उन्हाळ्यात होतो, नारळ गावी पिकतो. सकाळी सातास पितळीत पडणाऱ्या अन्नाची तजवीज आदल्या दिवशी कोणीतरी, सर्व घर झोपल्यावर, पुढल्या दिवसाचा विचार करून केलेली असते. आमच्या चाळीत शनिवारी रात्री रगड्यांचा घरघराट या खोलीतून त्या खोलीत ऐकू येई, आणि तो आवाज ऐकत आम्ही झोपी जात असू. बालपणीच्या चवीची आठवण इतकी चिवट का असते याविषयी मी पुष्कळ विचार केला आहे, आणि माझा निष्कर्ष असा की जिभेला आठवते ते केवळ खोबरे अथवा गूळ नव्हे. आपण झोपेत असताना आपल्यासाठी कोणीतरी जागे होते, ही निश्चिंती त्या चवीत उतरलेली असते; आणि ती निश्चिंती पुढे आयुष्यात फार थोड्या ठिकाणी लाभते.

हा अनुभव एकट्या कोकणी माणसाचा नाही. अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांत आणि ॲपलेचियन डोंगराळ मुलखात मैदा, ताक, सोडा आणि चरबी यांची मऊ, फुगीर बिस्किटे सकाळी घरोघर भट्टीत भाजतात, आणि मांसाच्या उरल्या चरबीत पीठ परतून त्यात दूध घालून केलेली दाट ग्रेव्ही त्यांवर ओततात. लाकूड कापण्याच्या गिरण्यांत आणि शेतांवर राबणाऱ्या गरीब माणसांचे ते अन्न. थोडक्यात पोट भरावे आणि दुपारपर्यंत टिकावे म्हणून सिद्ध झालेले, आणि आज तेथील लोकांच्या बालपणीच्या आठवणींत अग्रस्थानी असलेले. आमच्या गौरीच्या नैवेद्यातील घावन-घाटले आठवून पाहावे. नारळाच्या दुधात तांदळाचे पीठ आणि गूळ घालून आटविलेले घाटले, आणि त्यात बुडविलेले घावण. समुद्रापलीकडील त्या ग्रेव्हीत आणि या घाटल्यात दूध निराळे, पीठ निराळे, एक खारट तर एक गोड. पण काटकसरीचा मार्ग तोच. थोडे पीठ, थोडे दूध, मंद विस्तव आणि अखंड ढवळणारा हात, एवढ्यावर एका भाकरीत दोन माणसांचे समाधान करण्याची विद्या कष्टकऱ्यांच्या बायकांनी जगाच्या दोन टोकांस स्वतंत्रपणे शोधून काढली.

नारळाच्या रसाविषयी दोन शब्द लिहिल्यावाचून मला राहवत नाही, कारण मुलांच्या राज्यात सांबाऱ्यापेक्षा त्याचा मान मोठा. खवलेल्या खोबऱ्याचे पहिले दाट दूध आणि दुसरे पातळ दूध निरनिराळे काढून, पातळ दुधात गूळ विरघळवून, मग दाट दूध मिसळायचे. वेलची आणि चिमूटभर मीठ. विस्तवावर ठेवायचे नाही, कारण ते फाटते. शिरवाळ्यांच्या दिवशी साचा दाबण्यास घरातील सर्वांत बळकट हात लागे, म्हणून ते काम बाबांकडे अथवा शेजारच्या काकांकडे जाई. आणि ज्या घरी शिरवाळे होत त्या घरातून वाटीभर रस दोन्ही बाजूंच्या खोल्यांत पोचविणे हा शिरस्ता होता. ती वाटी रिकामी परत करण्याची चाल नव्हती. पुढच्या रविवारी त्यात सांबारे अथवा खापरोळीचा तुकडा घालूनच ती परते. अशा रीतीने एका मजल्यावरील सहा बिऱ्हाडांची न्याहारी परस्परांत मिसळून गेलेली असे, आणि कोणाच्या सांबाऱ्यात बडीशेप अधिक, कोणाच्या आंबोळीत मेथी अधिक, हे आम्हां मुलांस डोळे मिटून सांगता येई. वेंगुर्ल्याकडची रीत आणि देवगडकडची रीत यांतील भेद मी भूगोलाच्या पुस्तकाआधी त्या वाट्यांतून शिकलो.

या आठवणी गोड आहेत, आणि त्या गोडीच्या भरात जी गोष्ट झाकली जाण्याचा संभव आहे ती स्पष्ट शब्दांत मांडणे मला आवश्यक वाटते. ही न्याहारी स्त्रियांच्या अपार कष्टांवर उभी होती. महापालिकेच्या भांडुप संकुलात वैतरणा-भातसाचे पाणी शुद्ध होऊन मुंबईच्या मोठ्या भागास पुरविले जाते; त्याच भांडुपच्या डोंगरउतारावरील वस्त्यांत बायकांनी वर्षानुवर्षे हंडे डोक्यावर घेऊन पायऱ्या चढल्या. तांदूळ भिजविण्यासाठी लागणारे पाणीसुद्धा आधी रांगेत उभे राहून मिळवावे लागे. घासलेटच्या स्टोव्हच्या धुरात, खाली बसून, एकामागून एक घावणे काढणारी आई स्वतः सर्वांच्या शेवटी खाई, आणि तोवर रस बहुधा संपलेला असे. रविवारची सुट्टी कामगाराला मिळाली. त्याच्या बायकोला तो दिवस आठवड्यातील सर्वांत अधिक कामाचा ठरला. या पुस्तकातील अनेक आठवणींत लेखकांनी आपल्या आईच्या हातच्या चवीचे वर्णन केले आहे, आणि ते वाचताना माझे डोळे पाणावले आहेत. परंतु मला अधिक मोलाची वाटली ती पाने, ज्यांत वृद्ध स्त्रियांनी स्वतः आपली कैफियत सांगितली आहे. त्यांत त्या आपल्या पाककौशल्याविषयी अभिमानाने बोलतात, आणि रगड्यामुळे दुखावलेल्या खांद्यांविषयीही तितक्याच सरळपणे बोलतात. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, आणि एकीसाठी दुसरी गाळणे हा अन्याय होईल.

काळ बदलला. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या गिरणी संपाने गिरणगाव मोडले. पुढील वर्षांत उपनगरांतील कित्येक कारखान्यांचीही कवाडे बंद झाली, आणि जेथे भोंगे वाजत तेथे आज उंच इमारती आणि बाजारसंकुले आहेत. रगड्याची जागा विजेवरच्या यंत्राने घेतली, आणि ते योग्यच झाले. कोणत्याही स्त्रीने पुन्हा रात्री अकरा वाजता रगडा फिरवावा असे मी स्वप्नातही इच्छिणार नाही. २६ जानेवारी १९९८ पासून कोकण रेल्वेचा संपूर्ण मार्ग खुला झाल्याने नारळाचे बोचके एका रात्रीत घरी पोचते. तयार आंबोळीचे पीठ दुकानात मिळते. मालवणी महोत्सवांतून बचत गटांच्या बायका गरम घावणे करून विकतात आणि त्यातून मुलांच्या शाळेची फी भरतात, याचा मला अभिमान वाटतो. पदार्थ नाहीसे होतील अशी भीती मला नाही. कष्ट कमी होऊनही जे टिकावे, आणि जे टिकविण्यास यंत्र साहाय्य करीत नाही, ते म्हणजे आदल्या रात्रीचा तो विचार आणि सकाळचे एकत्र बसणे. आज घरात पाळ्या कारखान्याच्या नाहीत. संगणकाच्या कचेऱ्यांच्या आहेत, रुग्णालयांच्या आहेत, विमानतळाच्या आहेत. मुलगी रात्री दोनला परतते, मुलगा पहाटे पाचला निघतो. ज्या अडचणीवर आमच्या आजीने ‘सगळे आल्यावाचून कोणी खायचे नाही’ असा दंडक घालून मात केली, ती अडचण आजही तीच आहे, आणि तिच्यावरील उपायही मला अन्य दिसत नाही.

संग्रहाच्या रचनेविषयी थोडे सांगून ही प्रस्तावना पुरी करतो. प्रत्येक प्रकरणाचे दोन भाग आहेत. पहिल्यात कृती आहे, आणि तिचा आरंभ सर्वत्र आदल्या रात्रीपासून केला आहे: काय भिजवायचे, किती वाजता, कोणत्या पाण्यात, पावसाळ्यात किती कमी आणि हिवाळ्यात किती अधिक वेळ. मापे वाटीची आहेत, आणि जेथे हाताचा अंदाज अपरिहार्य आहे तेथे तो अंदाज कशावरून घ्यावा हे सांगितले आहे. दुसऱ्या भागात त्या पदार्थाविषयीच्या आठवणी आहेत, आणि त्या सांगणारांच्या बोलीतच ठेवल्या आहेत. मालवणी वाक्यांना प्रमाण मराठीचा पेहराव चढविलेला नाही. गोडाधोडाच्या सणांच्या पदार्थांना शेवटी स्थान दिले आहे, कारण या पुस्तकाचा जीव साध्या रविवारात आहे. उकड्या तांदळाची पेज आणि भाजलेला सुका बांगडा यांना स्वतंत्र प्रकरण मिळाले, याबद्दल संपादकांचे विशेष अभिनंदन केले पाहिजे. दारिद्र्याचे अन्न म्हणून ज्याचा उल्लेख टाळला जातो, त्यावर वाढलेल्या माणसांनी ते मानाने छापून आणले आहे.

वाचकांस माझी विनंती एवढीच की हे पुस्तक शनिवारी रात्री उघडावे. रविवारी सकाळी उघडणाऱ्यास त्याचा काही उपयोग होणार नाही. आणि तांदूळ धुऊन भिजत घालण्याचे काम घरातील मुलांकडे, विशेषतः मुलग्यांकडे, सोपवावे. ज्याने रात्री तांदूळ भिजविले आहेत तो सकाळी घावणाला नावे ठेवणार नाही, ते कोणी केले हे विसरणार नाही, आणि पुढे आपल्या घरी, मग ते भांडुपला असो की सातासमुद्रापार, सर्व माणसे जमेपर्यंत तवा चढविण्याची घाई करणार नाही. एवढे साधले तर या संग्रहाचे प्रयोजन पूर्णपणे सफल झाले असे मी समजेन.